मोटारीच्या तोंडावरचा रहाट

मोटारगाडीच्या एंजिनांत चाळीस घोड्यांचें बळ असो कीं दोनशें घोड्यांचें असो, तें बळ जेथें कामाला लागतें ती जागा फार लहान असते. चाकाची धांव जमिनीला जेथें टेंकते तो तळहाताएवढा तुकडा म्हणजेच गाडीचें पाऊल होय. जमीन कठीण असली म्हणजे या चार पावलांवर गाडी डोंगर चढून जाते. परंतु पहिल्या दोन पावसांनंतर काळ्या जमिनींत शिरलेली मोटार ज्यानें पाहिली असेल त्याला तिची दुसरी अवस्थाही ठाऊक असते. एंजिन गर्जत असतें, चाकें गरगर फिरत असतात, आणि प्रत्येक फेऱ्यासरशीं गाडी पुढें न जातां खालीं जाते. शेवटीं आंस चिखलावर टेंकतो आणि चाकें नुसतीं हवा कापल्याप्रमाणें फिरतात. या क्षणीं गाडीजवळ बळाची वाण नसते. वाण असते ती पाय रोंवण्याच्या जागेची.

ही जागा दुसरीकडून उसनी आणण्याचें साधन म्हणजे गाडीच्या तोंडाशीं बसविलेला रहाट. इंग्रजी यंत्रशाळेंतून आलेलें ‘विंच’ हें त्याचें नांव आतां मराठींतही रुळलें आहे. पोलादी दोराचें एक टोंक समोरच्या झाडाच्या बुंध्याला बांधावें, दुसरें टोंक गाडीवरच्या ड्रमवर गुंडाळूं लागावें, म्हणजे झाड आपल्या जागीं राहतें आणि गाडी झाडाकडे येऊं लागते. युक्ति इतकी सोपी आहे. परंतु तिचा इतिहास पाहूं गेलें असतां एक गोष्ट पुनः पुनः प्रत्ययास येते. ओढण्याचें बळ मनुष्याला लवकर सांपडलें. तें बळ झेलील असा आधार मात्र त्याला प्रत्येक युगांत नव्यानें बांधावा लागला.

रहाट हा मोटारीहून किती तरी पुरातन आहे. मोठ्या घेराचें चाक हातानें फिरवावयाचें आणि त्याच्याच बारीक आंसावर दोर गुंडाळावयाचा, यांत वेग जातो पण जोर वाढतो, हें विहिरीवर पाणी शेंदणाऱ्याला गणिताशिवाय कळत होतें. सिराक्यूजच्या आर्किमिडीज या पंडितानें हिअरो राजासमोर माल भरलेलें जहाज कप्प्यांच्या साह्यानें एकट्यानें ओढून दाखविल्याची कथा प्लुटार्कनें सांगितली आहे. कथेंतला अलंकाराचा भाग सोडला तरी तिच्यांतील तत्त्व खरें आहे. पुढें शिडाच्या मोठ्या जहाजांवर नांगर उचलण्यासाठीं उभा रहाट आला. त्याच्या डोक्यांत आडवे दांडे खोवून खलाशी त्याच्याभोंवतीं फेर धरीत. या रहाटाची बांधणी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तो वरच्या फळ्यांवर नुसता ठोकलेला नसे. मोठ्या जहाजांत त्याचा खांब फळ्या भेदून खालच्या मजल्यापर्यंत नेलेला असे. नांगराची ओढ फळीला सोसणार नाहीं, ती सर्व जहाजानें मिळून सोसली पाहिजे, हें सुतारांना अनुभवानें शिकावें लागलें होतें.

एकोणिसाव्या शतकांत या विद्येला दोन गोष्टी नव्यानें मिळाल्या. पहिली गोष्ट तारेचा दोर. जर्मनींतील हार्झ डोंगरांत, क्लाउस्थाल येथें खाणींचे अधिकारी असलेल्या विल्हेल्म आल्बर्ट यांनीं १८३४ सालीं लोखंडी तारा एकमेकींत पिळून दोर तयार केला. तोंपर्यंत खाणींत तागाचे दोर किंवा सांखळ्या वापरीत. सांखळीची एक कडी गेली कीं सारें संपलें. तारेच्या दोरांत एखादी तार तुटली तरी शेजारच्या तारा भार घेतात, आणि तुटकी तार डोळ्यांना दिसून पुढच्या धोक्याची सूचना देते. दुसरी गोष्ट वाफेचें एंजिन. इंग्लंडांत जॉन फाउलर यांच्यापुढें असा प्रश्न होता कीं वाफेच्या एंजिनानें शेत नांगरावयाचें तर एंजिनाचा अजस्र भार शेतांत नेतां येत नाहीं. तें रुततें आणि जमीनही दडपून टाकतें. त्यांनीं एंजिन बांधावर उभें ठेविलें, रहाटानें दोर ओढला, आणि नांगर तेवढा शेतांतून नेला. १८५८ सालीं इंग्लंडच्या राजमान्य कृषि-संस्थेनें त्यांना याबद्दल ५०० पौंडांचें पारितोषिक दिलें. पुढें शेताच्या दोन बाजूंना दोन एंजिनें उभीं राहूं लागलीं आणि दोराचा ड्रम बॉयलरच्या पोटाखालीं आला. येथें आधाराचा प्रश्न वजनानेंच सोडविला. कित्येक टनांचें एंजिन हाच खुंट झाला.

मोटारीची गोष्ट अगदीं उलट होती. ती हलकी, आणि जी ओढावयाची ती तीच. दोराची सारी ओढ तिच्याच अंगावर यावयाची, आणि तीही नेमकी तिच्या तोंडावर. तेथें काय होतें? आरंभींच्या मोटारींत कांहींच नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुढचा दिवा आणि पाण्याची टांकी वांचविण्यासाठीं बंपर आला. इंग्लंडांत फ्रेडरिक सिम्स यांच्या १९०५ सालच्या गाडीला रबराचे असे धक्कारोधक होते. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन गाड्यांवर निकेलनें चकाकविलेल्या स्प्रिंगच्या पोलादाच्या चपट्या पट्ट्या दिसूं लागल्या. हलका धक्का बसला तर किंचित् वांकावें आणि पुनः सरळ व्हावें, एवढेंच त्यांचें काम. म्हणजे बंपर हा बाहेरून आंत येणारा रेटा सोसण्यासाठीं जन्मला. त्याच जागीं आंतून बाहेर खेंचणारी ओढ लावावयाची म्हणजे पागोट्याला दोर बांधून माणसाला ओढण्यासारखें होतें. पागोटें हातीं येईल, माणूस जागचा हलणार नाहीं.

हा प्रश्न युद्धानें सोडविला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्समधील चिखलानें चारही चाकांना एंजिनाचें बळ देणाऱ्या ट्रकांचें महत्त्व पटवून दिलें. दुसऱ्या महायुद्धांत तेंच तत्त्व लाखांच्या संख्येनें रस्त्यावर आलें. १९४० सालीं अमेरिकन लष्कराच्या मागणीवरून बँटम कंपनीनें लहान गाडीचा पहिला नमुना तयार केला. पुढें विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनीं मिळून १९४५ पर्यंत सुमारें ६,४०,००० जीपगाड्या बांधल्या. जीपच्या पुढची पट्टी शोभेची नव्हती. गाडीच्या सांगाड्याचे दोन लांब पोलादी दांडे पुढें जेथें संपतात तेथें बोल्टांनीं जखडलेला तो एक सरळ पोलादी आडदांडा होता. त्याच्यावर काय काय चढविलें गेलें याला सुमार नाहीं. युरोपांत रस्त्यावर माणसाच्या गळ्याच्या उंचीवर आडव्या ताणलेल्या तारांनीं जीपमधील शिपाई मरूं लागले, तेव्हां याच आडदांड्यावर तार तोडणारा उभा लोखंडी खांब जोडण्यांत आला. बंपर गाडीला वांचविण्यासाठीं होता. तो आंतल्या माणसाला वांचविण्याच्या कामीं लागला.

रहाटाचा खरा संसार मात्र जीपहून मोठ्या गाड्यांवर थाटला गेला. डॉज कंपनीच्या पाऊण टनी लष्करी गाडीचे दोन प्रकार होते; एकाचा क्रमांक ५१ आणि दुसऱ्याचा ५२. दोन्ही अक्षरशः जुळ्या बहिणी. फरक इतकाच कीं ५२ क्रमांकाच्या गाडीला तोंडाशीं रहाट होता, आणि या जोडीपैकीं सुमारें एकतृतीयांश गाड्या या प्रकारच्या होत्या. त्यासाठीं कारखान्यानें जें केलें त्यांत या विषयाचें सार आहे. जुन्या बंपरवर रहाट टांगून भागविलें नाहीं. सांगाड्याचे दोन्ही दांडे पुढें वाढविले, त्यांच्या बेचक्यांत रहाट बसविला, आणि बंपर त्याच्यापुढें नेऊन ठेविला. ओढ बंपरवर न येतां सरळ सांगाड्यांत जावी आणि बंपरनें रहाटाचें रक्षण करावें, अशी ही कामाची वांटणी होती. आरंभीं या रहाटाची ओढ ५,००० पौंडांची होती. पुढें ती ७,५०० पौंडांवर, म्हणजे सुमारें ३,४०० किलोवर नेण्यांत आली. पांच लक्षांहून अधिक संख्येनें बनलेल्या जीएमसी कंपनीच्या अडीच टनी ट्रकांपैकीं कांहींना १०,००० पौंडांचा रहाट असे.

या रहाटाला बळ मिळे तें गाडीच्याच एंजिनाकडून. गिअरबॉक्समधून एक जास्तीचा दांडा गाडीच्या पोटाखालून पुढें येई आणि मळसूत्री दांतांच्या चक्राला फिरवी. या मळसूत्राचा गुण असा कीं दांडा चक्राला फिरवूं शकतो, पण चक्र दांड्याला सहजासहजीं उलट फिरवूं शकत नाहीं. म्हणून अर्ध्या चढावर एंजिन थांबलें तरी भार एकदम मागें कोसळत नाहीं. परंतु या सर्व रचनेंत सर्वांत महत्त्वाची वस्तु सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळी होती. त्या लांब दांड्याच्या सांध्यांत मऊ धातूची एक खिळी मुद्दाम घातलेली असे. ओढ मर्यादेबाहेर गेली कीं दोर तुटण्यापूर्वीं, दांते झडण्यापूर्वीं आणि सांगाडा वांकण्यापूर्वीं ही खिळी कापली जाई आणि रहाट थांबे. दोन आण्यांची खिळी जाऊन हजारोंचें यंत्र वांचे. शत्रूच्या तोफा जवळ असतां असली खिळी पुनः पुनः बदलण्याचा कंटाळा येणें स्वाभाविक होतें, आणि तिच्या जागीं कडक पोलादाचा बोल्ट ठोकण्याचा मोह चालकांना पडे. अशा रहाटांच्या माहितीपुस्तिकांत म्हणून ताकीद असे कीं नेमून दिलेल्या खिळीखेरीज दुसरें कांहीं घालूं नये. कडक बोल्ट घातला म्हणजे दुबळी जागा नाहींशी होत नाहीं. ती दुसरीकडे सरकते, आणि कोठें सरकली हें अपघात झाल्यावरच कळतें.

अशा यंत्रांची गरज कोणत्या भूमीवर होती याची कल्पना आसामांतील लेडोपासून ब्रह्मदेशांतून चीनकडे गेलेल्या रस्त्यावरून येते. १९४२ च्या डिसेंबरांत अमेरिकन लष्करानें हा रस्ता बांधण्यास आरंभ केला. पांगसाऊ खिंडीवरचा पाऊस, घसरणारे कडे आणि मलेरिया यांच्याशीं झगडतां झगडतां ११०० हून अधिक अमेरिकन सैनिक मृत्यु पावले. त्यांच्याबरोबर राबणाऱ्या हिंदी आणि स्थानिक मजुरांचे बळी वेगळेच. लेडोहून निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारी १९४५ रोजीं चीनमधील कुनमिंग शहरीं पोंचला. अंतर सुमारें १,७०० किलोमीटर. असल्या वाटेवर एक ट्रक रुतला म्हणजे मागची सारी रांग अडून पडते. जो ट्रक स्वतःला वर काढतो आणि वळून मागच्याला हात देतो, त्याचें मोल तेथें दुसऱ्या दहा ट्रकांहून अधिक ठरतें.

युद्ध संपल्यावर या गाड्या शेतकऱ्यांच्या आणि वनखात्यांच्या हातीं आल्या. इंग्लंडांत रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर एक जुनी लष्करी जीप वापरीत. तिच्यावरून त्यांना लँड रोव्हरची कल्पना सुचली आणि ३० एप्रिल १९४८ रोजीं ती गाडी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली गेली. एंजिनाचें बळ बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला देण्याची सोय तिच्यांत आरंभापासून होती, आणि जहाजावरच्यासारखा एक लहानसा उभा रहाट पुढच्या बंपरमध्यें बसवून मिळे. आपल्याकडेही १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत माझगांवला विलिस जीपचे भाग जोडण्यास आरंभ केला, आणि सरळ आडदांड्याची ती गाडी धरणांच्या कामांवर, जंगलांत आणि खेड्यांच्या वाटांवर परिचयाची झाली.

यापुढचें स्थित्यंतर विजेचें आहे. अमेरिकेंत आर्थर वॉर्न यांनीं १९४८ सालीं युद्धांतून उरलेल्या जीपगाड्यांसाठीं सुटे भाग बनविण्याचा धंदा काढला. त्यांच्या कंपनीनें १९५९ सालीं हौशी चालकांसाठीं बॅटरीवर चालणारा रहाट बाजारांत आणला. पोटाखालचा लांब दांडा गेला, गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज उरली नाहीं. दोन जाड तारा बॅटरीला जोडल्या कीं काम झालें. एंजिन पाण्यांत बुडून बंद पडलें तरी हा रहाट कांहीं वेळ चालतो, हा त्याचा मोठा गुण. दोषही तितकाच मोठा. बारा व्होल्टांच्या बॅटरीकडून पूर्ण भाराच्या वेळीं तो चारशें अँपिअरपर्यंत प्रवाह मागतो. दोन पुढचे दिवे मिळून जेवढा घेतात त्याच्या हा सुमारें चाळीसपट आहे. म्हणून थोडें ओढावें, थांबावें, मोटर निवूं द्यावी, आणि शक्य तर एंजिन चालू ठेवावें, हा नियम झाला.

रहाट असा सुटा आणि सुलभ झाला, तेव्हां आधाराचा जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. युद्धांत सांगाडा वाढविण्याचें काम कारखान्यानें केलें होतें. आतां तें गल्लींतल्या लोहाराच्या आणि हौशी मालकाच्या हातीं आलें. हिशेब साधा आहे. सामानासकट अडीच हजार किलो भरणाऱ्या गाडीला तिच्या वजनाच्या दीडपट ओढीचा, म्हणजे पावणेचार हजार किलोंचा रहाट घ्यावा असा संकेत आहे. ही सारी ओढ ड्रमवरून येते ती बहुधा सुमारें दहा मिलिमीटर जाडीच्या चार बोल्टांवर. चार बोल्ट ज्या पत्र्यांत आहेत तो पत्रा बंपरचा, आणि बंपर सांगाड्याला जेथें जखडला आहे ते बोल्ट आणखी निराळे. या साखळींतला जो सांधा कच्चा तेवढीच त्या रहाटाची खरी ताकद. पेटीवर छापलेला आंकडा कांहींही असो.

म्हणूनच रहाटाचा बंपर ही स्वतंत्र वस्तु निर्माण झाली. तो बसविण्याची रीत जाणकारांनीं अनुभवानें ठरविली. प्रथम मूळचा बंपर उतरवून सांगाड्याचीं टोंकें तपासावीं. तेथें गंज किंवा जुन्या अपघाताची चीर असेल तर पुढें जाऊंच नये. बंपरच्या आंत जाड पत्र्याचें बैठकीचें घर असतें. पुष्कळ नमुन्यांत बंपर गाडीला लावण्याआधींच रहाट त्यांत बसवावा लागतो, कारण नंतर बोल्टांपर्यंत पाना पोंचत नाहीं. बोल्ट रहाटाबरोबर आलेल्या प्रतीचेच वापरावे आणि ठरल्या जोरानेंच आंवळावे. बॅटरीच्या तारा तापणाऱ्या धुराच्या नळीपासून आणि धारदार कडांपासून दूर न्याव्या. रहाट आणि बंपर मिळून साठ ते शंभर किलोंचा भार गाडीच्या नाकावर चढतो. त्यानें पुढच्या स्प्रिंगा दबतात, दिव्यांचा झोत खालीं येतो आणि ब्रेकचें वर्तनही बदलतें. म्हणजे पुढें एक वस्तु जोडली असें वाटतें, पण खरोखर साऱ्या गाडीचा तोल नव्यानें मांडावा लागतो.

वापरांतही हेंच तत्त्व आडवें येतें. ड्रमवर दोराचे थर चढत गेले कीं घेर वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर ती सुमारें एकतृतीयांशानें कमी होते. अशा वेळीं झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यांतून परत गाडीकडे आणला कीं वेग निम्मा होतो आणि ओढ दुप्पट होते. आर्किमिडीजच्या कथेंतलें मर्म तें हेंच. परंतु परत आलेला आकडा बंपरला अडकवूं नये, सांगाड्याच्या पक्क्या कडीलाच अडकवावा. तिरप्या दिशेनें ओढ लावली तर भार बंपरच्या एकाच बाजूवर पडतो आणि सांगाडा पिळला जातो. सर्वांत मोठें भय दोर तुटण्याचें. ताणलेल्या पोलादी दोरांत सांठलेली शक्ति तुटतांच चाबकासारखी उसळते, आणि तिच्या वाटेंत असलेला माणूस वांचणें कठीण. म्हणून दोरावर मध्यें जाड घोंगडी किंवा वजनदार पांघरूण टाकतात आणि बघ्यांना दूर हटवितात. १९७९ सालीं नेदरलंड्समधील डीएसएम कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं शोधलेल्या पद्धतीनें विणलेले पॉलिएथिलीनचे कृत्रिम दोर आतां पुष्कळ ठिकाणीं वापरतात. ते हलके असतात, पाण्यावर तरंगतात आणि तुटल्यावर फारसे उसळत नाहींत. मात्र उष्णता, वाळूचे कण आणि ऊन यांना ते पोलादाइतके दाद न देतां राहूं शकत नाहींत.

आधाराच्या या इतिहासाला अखेर एक नवें कलम जोडलें गेलें, तें रस्त्यावरच्या परक्या माणसाचें. आधुनिक गाडीचें तोंड मुद्दाम चुरगळेल असें बांधलेलें असतें, म्हणजे धडकेचा जोर पत्रा गिळतो आणि आंतले लोक वांचतात. हवेच्या पिशव्या केव्हां फुगाव्या हेंही त्या चुरगळण्यावरून ठरतें. त्यावर जाड पोलादी बंपर चढविला कीं हा हिशेब बिघडतो, आणि पायीं चालणाऱ्याच्या अंगावर मऊ पत्र्याऐवजीं पोलादाची धार येते. युरोपीय संघानें २००५ सालीं गाडीच्या पुढच्या अशा संरक्षक चौकटींसाठीं नियम केले. भारतांत केंद्रीय रस्ते-वाहतूक मंत्रालयानें ७ डिसेंबर २०१७ रोजीं राज्यांना लिहून अनधिकृत संरक्षक दांड्यांवर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारवाई करण्यास सांगितलें. दंडाच्या भीतीनें कोणी हा नियम पाळील, पण त्यामागचा विचार दंडाहून मोठा आहे. जंगलांतल्या चिखलासाठीं बांधलेली वस्तु शाळेच्या रस्त्यावर तीच राहते. भोंवतालचीं माणसें मात्र बदललेलीं असतात.

आडरानाच्या खेळासाठीं मात्र वेगळीं मैदानें आहेत. मलेशियांत १९९७ सालीं निघालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या शर्यतीची भारतीय आवृत्ति २०१४ सालीं गोव्यांत सुरू झाली. ती मुद्दाम पावसाळ्यांत भरविली, कारण लाल चिखल आणि तुडुंब ओढे यांच्याखेरीज तिला रंग नाहीं. तेथें जिंकणाऱ्याच्या हातीं उत्तम एंजिन असतेंच. पण दोर कोणत्या झाडाला बांधावा, किती ओढावें आणि केव्हां थांबावें, या निवडीवर निकाल लागतो.

विहिरीवर रहाट बसविणारा जुना सुतार आधीं दोर किंवा चाक पाहत नसे. तो आधीं दोन खांबांना हात लावी, ते किती खोल पुरले आहेत तें पाही, आणि मगच चाक चढवी. मोटारीच्या तोंडावर रहाट चढविणाऱ्यालाही प्रथम तेंच पाहावें लागतें.